सूर्यास्ताच्या आत

बाईचा शेवटचा धड दिवस कोनफळावरून झालेल्या कुरबुरीने उजाडला.

बाईच्या सुनेने, इफाने, ते बाजारातून आणलं होतं. मढकडची ठकूबाई थंडीच्या दिवसांत रानातले कंद घेऊन ओतूरच्या बाजारात बसायची. गेल्या वर्षी तिच्या पाटीत इफाला पहिल्यांदा कोनफळ दिसलं, तेव्हा ती तिथेच उकिडवी बसली आणि त्या मातकट, केसाळ कंदावरून हात फिरवत राहिली. "हरवलेलं लेकरू घावल्यागत," शेजारच्या धोंडाबाई अजून सगळ्यांना सांगायच्या. इफाच्या गावी, नायजेरियात, असल्याच कंदावर माणसं जगतात. तिथे नव्या कंदाचा सण असतो. घरातल्या थोरल्या माणसाने तो कापल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. आणि ती लग्न करून आली ती नेमकी अशा मारवाडी जैन घरात, जिथे बटाट्यालाही उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती.

खाली बियाणं-औषधांचं दुकान आणि वर घर. मधल्या जिन्यात बाईच्या धाकट्या दिरांनी, मांगीलालकाकांनी, तिला गाठलं.

"सूनबाई, पिशवीत काय आहे?"

"काही नाही, काका."

"काही नाहीला केस असतात का?"

"घरात नाही नेत. धोंडाबाईच्या चुलीवर. लई छोटं आहे."

"छोटं असो नाहीतर मोठं. जमिनीखालचं ते जमिनीखालचं. एका कंदात अनंत जीव असतात."

वरून, पलंगावरून, बाईचा आवाज आला. धाप लागत होती तरी त्यात धार होती. "मांगीलाल, तू दुकानात जी औषधं विकतोस, त्यानं किती जीव मरत्यात ते आधी मोज. मग तिची पिशवी बघ."

"भाभी, धंद्यातलं वेगळं असतं."

"व्हय, धंद्यातलं सगळंच वेगळं असतं. जा बिंदणी, तू जा." सुनेला बाई मारवाडीत बिंदणी म्हणायची.

काका बाजूला झाले. बाईपुढे ते आयुष्यभर असेच बाजूला होत आले होते. आणि आयुष्यभर शेवटी त्यांचंच खरं होत आलं होतं.

बाईची लेक चेतना आईच्या पायाशी बसून हे ऐकत होती. बाईचे पाय सुजले होते. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. हृदय थकलंय, आता घरीच ठेवा, असं नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून चेतना दर शनिवारी पुण्याहून यायची आणि रविवारी संध्याकाळी परत कॉलेजची शिक्षिका व्हायची. मधले सगळे दिवस इफाचे होते. आंघोळ, औषधं, सूर्य मावळायच्या आत भरवायचा भाताचा घास, उशाशी म्हणायचा नवकार. नवकार ती तिच्या गावच्या चालीवर म्हणायची, प्रार्थनेच्या गाण्यासारखा. बाईला ते फार आवडायचं.

अंकित, चेतनाचा धाकटा भाऊ, लागोसला एका व्यापाऱ्याकडे नोकरीला गेला आणि तिथून इफेओमाला घेऊन आला. मग त्याला कॅनडाची संधी आली. कागद झाले की तुला बोलावतो, दोन महिने बाईजवळ राहा, म्हणून तो गेला. दोन महिने म्हणता म्हणता दुसरी संक्रांत तोंडावर आली होती.

दुपारी धोंडाबाईंच्या परड्यात इफाने कोनफळ उकडलं. जांभळट गोऱ्या फोडी पितळी ताटलीत वाफाळत होत्या. गावाकडचं लाल तेल इथे मिळत नाही म्हणून तिने शेंगदाण्याचं तेल, मीठ आणि तिखट घेतलं. चेतनाही एक फोड घेऊन बसली. लहानपणी शिकवलेलं सगळं पुण्यात केव्हाच सुटलं होतं, पण ओतूरला असताना अजून तिचा हात जरा अडखळायचा.

"तुमच्याकडं समदेच भाईर जात्यात का गं?" धोंडाबाईंनी विचारलं. "माझा ल्योक, शौर्यचा बाप, पुण्याला गेला तर मला वाटलं लई लांब गेला."

"सगळे," इफा म्हणाली. "डॉक्टर जातो. नर्स जाते. मास्तर जातो. फादरपण जातो. आम्ही त्याला जपा म्हणतो. म्हणजे पळ. मागं बघू नको."

"अगं, आमच्यात जपा म्हंजे सांभाळा."

इफा हसली. "मग तुमचं बरं आहे. माझ्या मैत्रिणी लंडनला, टोरोंटोला. मला विचारतात, तू कुठं? मी म्हणते, ओतूर. त्या म्हणतात, लंडनपासून किती लांब?"

"त्यांना म्हणावं, कल्याणहून यष्टी धरा आन् आळेफाट्याच्या आधी उतरा."

तिघी हसल्या. मग इफाने ताटली खाली ठेवली आणि ती इंग्रजीत बोलू लागली. चेतनाशी मनातलं बोलायचं झालं की ती नेहमी इंग्रजीत शिरायची.

"पळताना माणसाला वाटतं, मागचं आहे तिथे राहील. घर, आंब्याचं झाड, आई. आपण जाऊन यायचं, एवढंच. ताई, आई फोन घेत नाहीये. माझा भाऊ ओबिन्ना म्हणतो घसा बसलाय. माझ्या आईचा घसा! चर्चमध्ये ती गायला लागली की पुढच्या बाकावरची मुलं कानावर हात ठेवतात. तिचा घसा एवढे दिवस बसेल?"

"थंडी असेल," चेतना म्हणाली.

"आमच्याकडे थंडी नसते. वाळवंटातून धूळ येते या दिवसांत. ओठ फुटतात, घसा नाही बसत." ती चेतनाकडे पाहत राहिली. "तुमच्याशी बोलतो का ओबिन्ना?"

"कधीतरी. सणाला वगैरे."

चेतनाने उरलेली फोड तोंडात घातली.

ओबिन्नाचा फोन नाताळाच्या आधी आला होता, कॉलेजात, दोन तासांच्या मधे. इफाची आई गेली होती. स्वयंपाक करता करता बसली आणि उठली नाही. तो मोठा भाऊ होता, शांतपणे बोलत होता. म्हणाला, परदेशातल्या माणसाला अशी बातमी आम्ही फोनवर देत नाही. तुम्ही त्या घरातल्या मोठ्या बाई आहात. तिला बसवा, कुणीतरी जवळ धरा आणि हळूच सांगा. मग तिला पाठवा. तिच्याशिवाय आम्ही काही करणार नाही.

चेतनाने ते नीट ऐकलं होतं. फक्त त्यातलं शेवटचं वाक्य तिने तिच्या पद्धतीने ऐकलं. तिच्या घरात माणूस गेलं की सूर्यास्ताच्या आत त्याची राख होते. मागे उरतात ते भेटायला येणारे लोक. म्हणजे जे व्हायचं ते झालं, उरलं ते भेटणं. आणि भेटायला उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही, असं ती धरून चालली.

त्याच रात्री अंकित, काका आणि ती फोनवर बोलले. अंकित म्हणाला, ती आत्ता नायजेरियाला गेली तर कॅनडाचा अर्ज मध्येच लटकेल, कदाचित पहिल्यापासून करावा लागेल. काका म्हणाले, भाभीला कोण बघणार? आणि गेलेलं माणूस काही परत येत नाही. पंधरा-वीस दिवस मागेपुढे. चेतना म्हणाली, बाईला जरा बरं वाटू दे, मग मी सांगते. बाईचं कारण तिने बोलून दाखवलं. तिच्या परीक्षांचं, तिच्या पुण्यातल्या घराचं, शनिवारऐवजी सगळे वार इथे राहावं लागेल याचं कारण तिने बोलून दाखवलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

नंतर ओबिन्नाचे निरोप येत राहिले. सांगितलं का? लवकरच, ती लिहायची. एकदा त्याने इफाचं माप मागितलं, खांदा, छाती, उंची. नाताळाचे कपडे शिवत असतील असं वाटून तिने ते पाठवलं. एकदा त्याने घराचा फोटो पाठवला. शिड्या लावून माणसं भिंतींना पिवळा रंग देत होती. तो फोटो पाहून चेतनाला थोडं हलकं वाटलं होतं. सुतक संपलं, माणसं सावरली, घराला रंग लागतोय.

परड्यातून चेतना वर आली तेव्हा बाई जागी होती.

"दार लाव," बाई म्हणाली. "बिंदणी कुठंय?"

"भांडी घासतेय धोंडाबाईंकडे."

"तिची आई कधी गेली?"

चेतना उभीच राहिली. "कोणी सांगितलं तुला?"

"कोण सांगतंय. दर रविवारी तिचा फोन यायचा. मला म्हणायची, मामा अंकित, मामा अंकित. म्हंजे अंकितची आई. मी म्हणायची, समधन, जय जिनेंद्र. तिचं मला कळायचं न्हाई, माझं तिला कळायचं न्हाई, पण बोलायचो. आता घसा बसला म्हणत्यात. मेलेल्या माणसाबद्दल लोक एका आवाजात बोलत्यात, चेतना. तो आवाज मी ओळखते. अंकित त्याच आवाजात बोलतो. तूबी."

"बाई, तुला बरं वाटलं की—"

"मला बरं वाटायचं न्हाई आता." ती दम घेण्यासाठी थांबली. "माझी आई गेली तेव्हा या घरात मांगीलालचं लग्न व्हतं. मारवाडातनं, पालीहून, निरोप आला, तो तुझ्या आजोबांनी दाबून ठेवला. लग्नाच्या घरात रडं नको. मी नाचले त्या लग्नात. मग मला म्हणाले, जा, पीहर, माहेरी, जाऊन ये. मला वाटलं, लई खूष झालेत माझ्यावर. गुलाबी ओढणी घेतली. लाडवाचा डबा घेतला, लग्नातल्या. गावात गाडीतून उतरले ती हसतच. दारात भावजय उभी व्हती पांढऱ्या कपड्यात. मला बघून तिनं हंबरडा फोडला."

चेतनाने हे आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

"मला रडू न्हाई आलं तेव्हा," बाई म्हणाली. "माझ्या हातात डबा व्हता. तो कुठं ठेवावा तेच मला कळंना. आजबी कदी कदी सपनात तो डबा माझ्या हातात असतो."

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला.

"तिला पाठव पीहरला," बाई म्हणाली. "मी सांगितलं आसतं, पण मला तिची भाषा येत न्हाई एवढ्या मोठ्या गोष्टीची. तुला येते. म्हणून तुला शिकवलं."

"उद्या सांगते."

"उद्या सांग," बाई म्हणाली, आणि पाय दाबायला पुढे केले.

संध्याकाळी ऊन असतानाच इफाने तिला वरणभात भरवला. बाईने तिला विचारलं, कंद कसा लागला? इफा म्हणाली, चांगला, पण आईचा जास्त चांगला. बाई बराच वेळ तिच्या हातावर हात ठेवून पडून राहिली. या सगळ्याला शेवट म्हणायचं, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इफा तिचं तोंड पुसत होती, तेव्हा बाई गेली. इफाने ओरडून हाक मारली नाही. ती बाहेर आली, चेतनाच्या समोर उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "ताई, बाई बोलत नाही."

तासाभरात घर भरलं. ओतूरचे, जुन्नरचे, मंचरचे नातेवाईक जिना चढू लागले. काकांनी सगळं हातात घेतलं. ते अशा वेळी फार चांगले होते, हे चेतनाला मान्य करावंच लागलं. सामान सांगितलं, महाराजांना कळवलं, दुकानाचं शटर ओढलं. मग त्यांच्या मुलाच्या, पिंटूच्या, मोबाईलवर अंकितचा चेहरा आला, तिकडच्या रात्रीच्या अंधारातला, टोपी घातलेला.

"काका, मी तिकीट बघतोय. परवा पोहोचतो. परवापर्यंत ठेवा."

"ठेवायची कशी, अंकित?"

"बर्फ मिळतो. पेटी मिळते काचेची. पुण्यात लोक ठेवतात."

"पुण्यात लोक काहीही करतात. आपल्यात ठेवत नाहीत. देह ठेवला की त्यात जीव उत्पन्न व्हायला लागतात. भाभीनं आयुष्यभर दिवेलागणीनंतर घोट पाणी प्यायलं नाही, जीव मरतील म्हणून. आणि तिच्याच देहात आपण जीव पाडायचे?"

"ती माझी आई आहे, काका."

"म्हणून तर सांगतोय, पोरा."

इफा दारात उभी होती. ती पुढे आली. इतक्या पुरुषांसमोर ती सहसा येत नसे. "काका, अंकितला येऊ दे. मुलगा आहे. तो नाही बघणार तर कोण बघणार?"

कुणीतरी मागून म्हणालं, "सूनबाईला आत घ्या." एका काकूने तिचा दंड धरला. इफाने तो सोडवला आणि चेतनाकडे वळली.

"ताई, तुम्ही बोला. तुम्ही मोठ्या. तुमचं ऐकतील."

चेतनाच्या मनात दोन्ही बाजू स्पष्ट होत्या. बाईने स्वतः काय सांगितलं असतं, तेही तिला माहीत होतं. बाईने काकांचंच म्हणणं खरं मानलं असतं. पण ती गप्प राहिली ती त्यासाठी नव्हे. ती गप्प राहिली कारण आदल्या दुपारपासून तिला इफाच्या डोळ्यांत बघता येत नव्हतं.

"सूर्यास्ताच्या आत," काका म्हणाले, आणि माणसं उठली.

बायका दारापर्यंत. चेतनाही. ज्या मुलीला बाईने मोठी भाषा शिकवली तीसुद्धा दारापर्यंतच. इफा मात्र अनवाणी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे उभी राहून तिच्या भाषेत मोठ्याने काहीतरी गाऊ लागली. बाजारपेठ थांबून बघत राहिली. दोन काकू तिला आणायला निघाल्या, तेव्हा समोरून धोंडाबाई आल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या तिला. ती सेवा करत व्हती. तुमी न्हाई."

नंतर पिंटूने सांगितलं की त्याने अग्नी देताना मोबाईल वर धरला होता. धग लागून हात भाजायला आला तरी धरला होता. मग फोनची बॅटरी संपली.

तिसऱ्या दिवशी उठावणा, दुखवट्याची बैठक, झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, जैन स्थानकात बसली, गेली. काका जिन्यात चेतनाला गाठून हळू म्हणाले, "ते दुसरं, सध्या बोलू नको. अजून लोक येत राहतील. अंकित आज रात्री पोहोचतोय. घरची सून जागेवर दिसली पाहिजे. एका घरात दोन रडी नकोत."

तेच वाक्य, चेतनाला वाटलं. नुसतं माणूस बदललं. ज्याच्या लग्नासाठी ते पहिल्यांदा बोललं गेलं, तोच आता ते बोलत होता, आणि त्याला ते माहीतही नसेल.

"काका, तुमच्या लग्नात बाई नाचली होती. आठवतं?"

"हो तर. फार नाचली. का?"

"काही नाही."

स्वयंपाकघरात इफा आणि धोंडाबाई होत्या. घरात चूल पेटत नव्हती म्हणून धोंडाबाईंनी त्यांच्याकडून वरण आणि भाकरी आणली होती, कांदा-लसूण न घालता, मुद्दाम. दुपारचं ऊन खिडकीतून ओट्यावर पडलं होतं. ओट्यावर बाईचा औषधांचा डबा तसाच होता. इफा भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तीन दिवसांत ती कुणाशी फारसं बोलली नव्हती. चेतना समोर बसल्यावर बोलली, इंग्रजीत, हळू.

"मी तुमच्यावर चिडले होते, ताई. आता नाही. तुमची पद्धत आहे. पण मला झोप नाही येत. अंकितने आईचा चेहरा पाहिला नाही. आमच्याकडे असं होत नाही."

"तुमच्याकडे कसं असतं?" चेतनाने विचारलं. हा प्रश्न तिने दोन वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

"आमच्याकडे थांबतात. शेवटचं मूल येईपर्यंत. माझे वडील गेले तेव्हा ओबिन्ना मलेशियात होता, पैसे नव्हते त्याच्याकडे यायला. आम्ही दोन महिन्यांहून जास्त थांबलो. ते शवागारात होते. मी दर आठवड्याला जायचे, तिथल्या माणसाला विचारायचे, बाबा बरे आहेत ना? तो म्हणायचा, बरे आहेत, तुझा भाऊ कुठवर आला?" ती किंचित हसली. "वेडेपणा वाटेल तुम्हाला."

"नाही."

"तोवर घराची तयारी. लोक येणार, तर रस्ता नीट करतात. घराला रंग देतात. माणूस आपल्याच अंगणात पुरायचा असतो ना, म्हणून घर चांगलं दिसलं पाहिजे. आणि कापड घेतात, सगळ्या लेकींना एकच. एकाच ठाणातलं. म्हणजे दुरून कळलं पाहिजे, ह्या एका आईच्या लेकी."

चेतनाचे हात मांडीवर होते. ते तिला एकदम दुसऱ्या कुणाचे असावेत तसे दिसले.

खांदा, छाती, उंची. पिवळ्या रंगाची भिंत, शिड्या.

"आणि पहिली माती कोण टाकतं?" तिने विचारलं. तिचा आवाज बदलल्याचं धोंडाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी भाकरीवर फडकं टाकता टाकता वर पाहिलं.

"आईच्या वेळी मी. मी थोरली लेक आहे, आडा म्हणतात. भाऊ कितीही असोत, थोरल्या लेकीशिवाय आई जमिनीत जात नाही. मी तिला गंमतीत म्हणायचे, तू मरू नकोस हं, मी ओतूरहून येईपर्यंत तुला थंडीत पडून राहावं लागेल. ती म्हणायची, पडेन. मला काय घाई आहे?"

तिच्याशिवाय आम्ही काही करणार नाही, असं ओबिन्ना म्हणाला होता. त्याने चेतनापासून काहीही लपवलं नव्हतं. त्याने जे होतं ते सांगितलं होतं, आणि नाताळापासून तो रोज शांतपणे इफाची वाट पाहत होता. आणि तो एकटा नव्हता.

चेतना दरवर्षी वर्गात उभी राहून परक्या माणसांच्या गोष्टी शिकवायची. समोरच्याच्या जागी जाऊन बघा, असं मुलांना सांगायची. घरात इफा असताना ती कधी तिच्या जागी गेली नव्हती. एक प्रश्न पुरला असता.

दारात काका आले होते. त्यांनी आत पाहिलं आणि त्यांना काय ते कळलं. "चेतना," ते म्हणाले. "जरा बाहेर ये."

"येते."

"आत्ता ये."

तिला आईचे हात आठवले, डबा धरलेले. बाईने उद्या सांग म्हटलं होतं आणि उद्या उजाडून गेला होता, त्याच्या नंतरचा एक आणि त्याच्याही नंतरचा एक.

"धोंडाबाई," ती म्हणाली, "तुम्ही इफाच्या शेजारी बसा. जवळ. हात धरा तिचा."

धोंडाबाईंनी काही विचारलं नाही. त्यांच्या वयाच्या बाईला विचारावं लागत नाही. त्या सरकल्या आणि त्यांनी इफाच्या पाठीमागून हात घालून तिला धरलं. इफाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दारातल्या काकांकडे, मग चेतनाकडे. तिच्या गावात अशी बातमी कशी देतात, हे या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते बोलणं तिने चेतनासाठी सोडलं.

चेतनाने ठरवलं होतं की इंग्रजीत सांगायचं. तोंडून आली ती ओतूरची भाषा, बाईची.

"इफा, तुझी आई गेली. नाताळाच्या आधी. मला माहीत होतं. मला तेव्हापासून माहीत होतं, आणि मी बोलले नाही."

धोंडाबाईंनी तिला आणखी घट्ट धरलं. दारातून काका मागे सरले.

"आम्हाला वाटलं, तिकडेही आमच्यासारखंच असेल. सगळं होऊन गेलं असेल." चेतनाने तिचा दुसरा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता. "तसं नाही. घराला रंग देऊन झालाय. तुझ्या मापाचं कापड शिवून झालंय. त्यांनी तिला ठेवलीय, इफा. तुझ्यासाठी ठेवलीय."